चौसष्ट माणसांचा स्वयंपाक

"परकार, किती दिवस?"

रोज सकाळी दहा वाजता कॅप्टन नाबर गॅलीच्या दारात येऊन एवढंच विचारायचे. गॅली म्हणजे जहाजावरचं स्वयंपाकघर, आणि त्या जहाजाचा भंडारी, म्हणजे मुख्य आचारी, मी. मी बटाटे सोलता सोलता मान वर न करता सांगायचो, "चार दिवस निघतील साहेब. काळजी नको."

"काल पण चारच म्हणालात."

"काल चार होते, आजही चारच आहेत. तुम्हाला चार दिवसांशी मतलब."

साहेब हसायचे, कपाटावरचा एखादा टोमॅटो उचलून खायचे आणि वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, जायचे. तिथून ते रोज बंदराला कळवायचे: जहाजावर माणसं चौसष्ट, अन्नसाठा चार दिवसांचा, जखमी एक, उतरायची परवानगी मिळावी. बंदराचं उत्तरही रोजचंच. थांबा, विचार चालू आहे.

चौसष्टपैकी एकवीस आम्ही खलाशी. उरलेले त्रेचाळीस जण आम्हाला भर समुद्रात एका रबरी होडीत सापडले होते. होडीची हवा निघत चालली होती आणि माणसं चपला घेऊन पाणी उपसत होती. नाबर साहेबांनी क्षणाचाही विचार केला नाही, जहाज वळवलं, दोरीची शिडी सोडली आणि सगळ्यांना वर घेतलं. बुडत्याला वर घ्यायचं एवढं सोपं होतं. त्यांना खाली कुठं उतरवायचं हे मात्र कुणाला ठरवता येईना. एका देशानं नाही म्हटलं, दुसऱ्यानं फोनच उचलला नाही, आणि ज्या बंदरात आमचं भंगार लोखंड उतरायचं होतं त्यांनी सांगितलं, बंदराच्या हद्दीच्या आत येऊ नका. आमच्या कंपनीच्या एजंटानं तर सुचवलं की ज्या किनाऱ्यावरून पळाले तिथंच नेऊन सोडा. साहेब त्याला फोनवर जे बोलले ते मी लिहीत नाही. नाबर साहेब एरवी फार सभ्य माणूस.

म्हणून आम्ही इंजिन बंद करून डुलत पडलो होतो. समोर डोंगर दिसायचे, डोंगरावरची पांढरी घरं दिसायची. दुर्बिणीतून पाहिलं तर गच्चीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसायचे.

मी दाभोळचा. आमच्या घरी पाहुणा आला आणि आई म्हणाली की जेवण कमी आहे, असं मी जन्मात ऐकलं नाही. आई कालवणात गरम पाणी घालील, अंडी फोडील, शेजारच्या दारातून वाटी आणील, पण पाहुण्याला कळू देणार नाही. तेच माझ्या अंगात मुरलेलं. सव्वीस वर्षं जहाजावर स्वयंपाक केला, आणि "संपलं" हा शब्द माझ्या गॅलीत मी कुणाला उच्चारू दिला नाही. आता तर आमचं भांडार तळाला गेलेलं, कारण ते भरायचं होतं याच बंदरात. नेहमीसारखं वाढलं असतं तर चौथ्या दिवशी सगळं आटोपलं असतं. पण मी हाडाचा भंडारी. भात कमी आणि पेज जास्त केली. एका कोंबडीत वीस माणसं जेवतील असं कालवण केलं. बटाट्याची सालं तळून पोरांना दिली, ती त्यांना इतकी आवडली की बटाटा नको, सालंच द्या म्हणायला लागली. सहाव्या दिवशी सगळे जेवून उठले तेव्हा मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी हात धुताना गाणं म्हणत होतो.

त्या लोकांशी माझं बोलणं व्हायचं ते इद्रिसमुळे. हा सुदानचा, उंच, काटकुळा, चाळिशीच्या आसपासचा. पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात चहाचा मग दिला तेव्हा तो म्हणाला, "काका, साखर थोडी जास्त मिळेल का?"

माझ्या हातातली किटलीच निसटणार होती. "तू मराठी?"

"नाही हो. पुण्यात बी.कॉम. केलं. चार वर्षं कोंढव्यात राहिलो." मग जरा हसून म्हणाला, "तेव्हा विमानानं आलो होतो. विमानतळावरच्या साहेबानं पासपोर्टवर शिक्का मारला आणि म्हणाला, वेलकम. दोन मिनिटांचं काम."

त्याचं मराठी अर्धं हिंदीत बुडलेलं होतं, पण इंग्रजी आणि अरबी दोन्ही येत असल्यामुळे साहेबांनी त्याला कामाला लावलं. रोज ब्रिजवर जाऊन त्रेचाळीस जणांची नावं, वयं, गावं वायरलेसवर सांगायची. बंदरातला माणूस रोज नव्यानं विचारायचा आणि हा रोज नव्यानं सांगायचा. शाळेत हजेरी देतो तसं.

त्या यादीत सतरावं नाव आमना. त्याची बायको.

असल्या होड्यांत बायकांना मध्ये बसवतात, सुरक्षित म्हणून. पण इंजिनाचं सांडलेलं पेट्रोल मध्येच साचतं, आणि पेट्रोल खाऱ्या पाण्यात मिसळलं की कातडी जाळतं. आमना दोन दिवस त्यात बसून होती. तिला वर घेतलं तेव्हा मांड्यांपासून खाली दोन्ही पाय सोललेले होते. आमचे सेकंड ऑफिसर तिची मलमपट्टी करायचे. दुसऱ्या दिवशी बंदरातून एक डॉक्टर लाँचमधून आला, पाय बघितले, मलमाच्या नळ्या दिल्या, कागदावर 'स्थिती स्थिर' असं लिहिलं आणि गेला. पाचव्या दिवसापासून डाव्या पायाला वास यायला लागला. तिला ताप भरायचा, उतरायचा, पुन्हा भरायचा. मी तिच्यासाठी वेगळी पेज करायचो, जिरं घालून, मऊ. इद्रिस चमच्यानं भरवायचा आणि ती अरबीत काहीतरी म्हणायची.

"काय म्हणते?" मी एकदा विचारलं.

"म्हणते, माझ्या सासूपेक्षा बरं करतात."

"सासू कुठं असते?"

"आता नाही," तो म्हणाला. मी पुढं विचारलं नाही.

सातव्या दिवशी दहा वाजता साहेब आले ते प्रश्न न विचारताच स्टुलावर बसले. हातात कागद होता. बंदराकडून पहिल्यांदाच रीतसर लेखी उत्तर आलं होतं.

"ऐका परकार," ते म्हणाले आणि इंग्रजीतलं मला समजेल असं मराठीत करून वाचू लागले. "जहाजावर पुरेसा अन्नसाठा असल्याचं आपण गेले सहा दिवस सातत्यानं कळवत आहात. त्यामुळे सदर लोकांना तातडीनं उतरवून घ्यावं अशी परिस्थिती दिसत नाही. पुढील आदेशापर्यंत हद्दीबाहेर थांबावं."

माझ्या हातातली सुरी थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही फार चांगले भंडारी आहात," साहेब म्हणाले. त्यांना बोचून बोलायचं नव्हतं, पण बोचलं.

मी मोरीशी गेलो आणि उगाच एक स्वच्छ पातेलं घासायला घेतलं. गेले सहा दिवस मी ज्या पातेल्यांवर छाती फुगवून बसलो होतो, त्याच पातेल्यांनी या माणसांची वाट अडवली होती.

"साहेब, लिहून टाका ना, संपलं म्हणून."

"खोटं लिहिणार नाही. उद्या तपासायला माणूस पाठवतील. दोन पोती तांदूळ सापडला की म्हणतील, कॅप्टनच खोटारडा आहे, मग त्या बाईचा पायसुद्धा खोटा ठरेल."

ते खरंच होतं. मी हात पुसले. "मग खोटं नको. उद्या दुपारी बारानंतर या. खरंच काही नसेल."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. समजायला त्यांना एक क्षण लागला. "परकार, लहान पोरं आहेत."

"लाइफबोटीतली बिस्किटं आहेत ना? ती भांडारात धरत नाहीत. पोरांना ती."

ते उठले आणि नुसतं "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी लग्नघरासारखा राबलो. असेल नसेल तो तांदूळ काढला. उरलेल्या सगळ्या कोंबड्या, सगळा कांदा, लपवून ठेवलेलं केशरसुद्धा. बिर्याणी दम द्यायला ठेवली, डाळीला लसणाची फोडणी दिली, कणकेच्या पुऱ्या तळल्या, रव्याचा शिरा केला आणि त्यात तुपाचा डबा उपडा केला. सहा दिवस चिमटी-चिमटीनं मीठ टाकणारा हात, त्या दिवशी मोकळा सुटला. वास डेकभर पसरला तशी माणसं उठून उभी राहिली.

"काका, लग्न कुणाचं?" इद्रिसनं विचारलं.

"जेव पोटभर. बोलू नको."

चौसष्ट माणसं डेकवर मांडी घालून जेवली. आमचे खलाशी आणि ते, सगळे एकत्र. हलीमा नावाची एक बाई होती, तीन पोरं घेऊन एकटीच निघालेली. तिनं पहिल्या दिवसापासून तोंड उघडलं नव्हतं, ती शिऱ्याचा घास घेऊन हसली. आमनानं चार घास बिर्याणी खाल्ली, ताप असताना. साडेबारा वाजता साहेब आले. मी भांडाराचं दार सताड उघडून दाखवलं. फळीवर मिठाची पिशवी आणि व्हिनेगरच्या दोन बाटल्या. साहेबांनी वर जाऊन कळवलं: अन्नसाठा, शून्य.

रात्री कुणाला जेवण नव्हतं. सकाळीही नव्हतं. पोरांनी बिस्किटं खाल्ली, मोठी माणसं पाणी प्यायली. नवव्या दिवशी दुपारी डोंगराच्या बाजूनं एक लाँच येताना दिसली, आणि डेकवर एकच गलका झाला. माणसं मिठ्या मारायला लागली. ज्यांच्याकडे बोचकी होती त्यांनी ती बांधली. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी केस नीट केले. इद्रिसनं आमनाला उचलून कठड्यापाशी आणून बसवलं. मीही एप्रन काढून ठेवला, निरोप द्यायचा म्हणून.

लाँच जवळ आली. तिच्यात पोती होती.

तांदूळ, पीठ, डाळ, कांदे, दुधाची खोकी. निदान पंधरा दिवसांचं सामान. गणवेशातला एक अधिकारी शिडीवरून वर आला, साहेबांशी हात मिळवला आणि माझ्यापुढं पावती धरली. जहाजावर सामान चढतं ते भंडाऱ्याच्या सहीनं, हा सगळ्या दर्यावरचा शिरस्ता. भंडारी माल बघणार, पसंत पडला तर सही करणार, नाही पडला तर परत पाठवणार. त्यात कॅप्टनसुद्धा सहसा बोलत नाही.

मी पावती बघितली. मी सही केली की पुन्हा 'पुरेसा अन्नसाठा'. पंधरा दिवस. मी आमनाच्या पायाकडं बघितलं, आणि मग तिच्या शेजारी उभ्या हलीमाच्या पोरांकडं. पोरांचे डोळे दुधाच्या खोक्यांवर होते. एवढ्या मोठ्या आयुष्यात कधी इतका पेचात पडलो नव्हतो.

मी इद्रिसला बाजूला घेतलं. "सही केली तर सगळे आज जेवतील, आणि इथंच राहतील. नाही केली तर काय होईल मला माहीत नाही. तू सांग."

"मी कसं सांगू?" त्याचा आवाज फुटला. "माझ्या बायकोसाठी दुसऱ्याच्या पोरांना उपाशी ठेवा म्हणू?"

"मग विचार त्यांना."

"नाही विचारणार. मला नका लावू ते."

आमचं बोलणं कुणाला कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. हलीमानं इद्रिसला अरबीत काहीतरी विचारलं. तो गप्प. तिनं पुन्हा विचारलं, दटावून. तेव्हा त्यानं मान खाली घालून दोन वाक्यांत सांगितलं. ती बाई क्षणभर पोत्यांकडं बघत राहिली. मग धाकट्याच्या हातातला वाडगा घेतला, माझ्यापुढं आली आणि तो डेकवर पालथा घातला. पोरगं रडायला लागलं. तिनं त्याला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या पोराचाही वाडगा पालथा घातला. मागून एका म्हाताऱ्यानं आपला ठेवला. मग मी मोजत बसलो नाही.

मी वाकून एका उघड्या पोत्यातला तांदूळ ओंजळीत घेतला. लांब दाण्याचा, जुना, सुवासिक. असा तांदूळ मला कंपनीनं कधी दिला नव्हता. मी तो पोत्यात परत सोडला आणि पावती अधिकाऱ्याच्या हातात ठेवली.

"मला पसंत नाही," मी म्हणालो.

साहेबांनी इंग्रजीत सांगितलं. अधिकारी चिडला. "उत्तम माल आहे. खराब काय आहे त्यात?"

"खराब काही नाही. पसंत नाही."

त्यानं साहेबांकडं बघितलं. नाबर साहेब फार गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "काय करू? आमचा भंडारी फार तऱ्हेवाईक आहे. त्याच्या सहीशिवाय मी एक कांदा चढवून घेऊ शकत नाही."

अधिकारी लाल झाला. मग त्याची नजर त्या पालथ्या वाडग्यांवर गेली आणि तिथून आमनाच्या पायावर. वारा त्याच्याकडं वाहत होता, वास त्यालाही आला असणार. तो कठड्याशी जाऊन वायरलेसवर बोलायला लागला. तासभर बोलत होता. त्याचं म्हणणं आम्हाला कळत नव्हतं, पण शेवटी शेवटी तो ओरडत होता, आणि आमच्यावर नाही. सूर्य बुडायच्या आत आमना, इद्रिस, हलीमा आणि तिची पोरं त्याच लाँचमधून गेली. दुसऱ्या दिवशी आम्हाला धक्क्याला लागू दिलं आणि बाकीचेही उतरले.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी दाभोळला परत आलो, गुडघे गेले, दर्या सुटला. गावात कुणी विचारलं की मी ही गोष्ट रंगवून सांगतो, आणि नेहमी इथंच थांबवतो. लोक वाहवा करतात. नातवंडं "मला पसंत नाही" ची नक्कल करतात. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही.

तीन आठवड्यांनी आम्ही दुसऱ्या बंदरात होतो तेव्हा साहेबांच्या फोनवर इद्रिसचा फोन आला. त्याला माझ्याशी बोलायचं होतं.

"काका, आमना वाचली. डावा पाय गुडघ्याखालून काढला. पण वाचली."

मी अल्लाचे आभार मानले. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणत होता, चार दिवस आधी आणली असती तर पाय राहिला असता."

तो सहज म्हणाला. मी मात्र बोटांवर दिवस मोजले. चार दिवस. ते दिवस मी केले होते. पेजेत पाणी वाढवून, सालं तळून, गाणं म्हणत. मनात म्हटलं, लपवलं तर जन्मभर घशात राहील.

"इद्रिस, ते चार दिवस माझ्यामुळं गेले," मी म्हणालो. "मी अन्न पुरवत राहिलो म्हणून त्यांनी तुम्हाला घेतलं नाही. मला फार उशिरा कळलं."

मला वाटलं, आता हा फोन ठेवील.

"मला माहीत होतं, काका," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवसापासून. मी नावं सांगत होतो ना, तेव्हा त्यांचा अरबी बोलणारा माणूस हसून म्हणाला होता, जेवायला मिळतंय ना तुम्हाला, मग घाई कसली? साहेबांना अरबी कळत नव्हतं."

"तिसऱ्या दिवसापासून?" मला राग आला, खरंच आला. "अरे मग मला सांगितलं का नाहीस? मी त्याच दिवशी चूल बंद केली असती!"

"रोज ठरवायचो. जिना उतरताना म्हणायचो, आज काकांना सांगून टाकतो. आमनाचा पाय बघायचो आणि ठरवायचो. मग खाली यायचो."

"मग?"

"कसं सांगणार, काका? पोरं जेवत बसलेली असायची."